तंजावरच्या राजवाड्याला पाहुणे नकोत, वाचक हवेत

प्रति,
मा. सचिव, मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन
आणि राज्यातील विद्यापीठांच्या मराठी व इतिहास विभागांचे प्रमुख

विषय: तंजावरच्या राजवाड्यातील मोडी दप्तराचे वाचन

सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटून झाले, फलक लागले, भाषणे झाली. आता या दर्जाचे पुढे करायचे काय, यावर कुठे ना कुठे बैठका होतच असतील. त्या बैठकांपुढे एक काम ठेवावे म्हणून हे पत्र लिहितो आहे. काम महाराष्ट्राच्या हद्दीतले नाही, कावेरीच्या खोऱ्यातले आहे. तिथे उद्घाटनाची फीत कापता येणार नाही आणि कोनशिलाही बसणार नाही. तरीही ते आपलेच आहे, आणि आपण केले नाही तर दुसरे कोणी आपल्यासाठी करत बसणार नाही.

तंजावरचा राजवाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे, पण कसा? दक्षिणेच्या सहलीत सकाळी बृहदीश्वर, मग घाईघाईत राजवाडा, रंगीत खांबांच्या दरबारात एक फोटो, आणि बसमध्ये बसता बसता सांबाराची गोष्ट. छत्रपती संभाजी महाराजांच्या नावावरून सांबार आले, आमटीत कोकम नव्हते म्हणून चिंच घातली, वगैरे. त्या गोष्टीला त्या काळचा कागद कुणी दाखवत नाही, पण ती सगळ्यांना पाठ असते. ज्या गोष्टींचे कागद गठ्ठ्यांनी तिथे बांधून ठेवले आहेत, त्या मात्र कुणाला ठाऊक नसतात.

एक गोष्ट आधीच साफ केलेली बरी. हा वाडा मराठ्यांनी बांधलेला नाही. सोळाव्या शतकात विजयनगरच्या छत्राखाली तंजावरला नायकांचे राज्य उभे राहिले आणि वाड्याचा मूळ भाग त्यांचा. सेवप्पा, अच्युतप्पा, रघुनाथ, विजयराघव असे चार नायक इथे नांदले. दरबाराची भाषा तेलुगू, प्रजेची तमिळ, शास्त्राची संस्कृत. ग्रंथ जमवण्याची चालही नायकांचीच. पुढे सरस्वती महाल ग्रंथालय म्हणून जे नावारूपाला आले त्याचे मूळ त्यांच्या ग्रंथभांडारात आहे. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावर घेतले, विजयराघव लढताना पडला. पाठोपाठ विजापूरने नायकांच्या वारसाला गादीवर बसवण्यासाठी म्हणून व्यंकोजीराजांना पाठवले, आणि १६७६ च्या सुमारास ते स्वतःच गादीवर बसले. शिवाजी महाराजांचे हे सावत्र भाऊ. दोघा भावांच्या वाटणीच्या भांडणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी पडत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की नव्या धन्यांनी जुना वाडा पाडला नाही. त्यात राहायला गेले, त्याला जोड देत गेले. म्हणून तिथे आजही दोन दरबार आहेत: एक नायकांचा, एक मराठ्यांचा.

मराठ्यांचा दरबार व्यंकोजींचे पुत्र शाहाजीराजे यांच्या कारकिर्दीतला, १६८४ चा सांगतात. या शाहाजीराजांबद्दल आपल्या अभ्यासक्रमात दोन ओळी असतील तर शपथ. सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तिथून मराठी नाटकाचा आरंभ शिकवला जातो. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी तंजावरच्या या वाड्यात मराठी नाटके लिहिली जात होती आणि लिहिणारा खुद्द राजा होता. त्याच्या एका नाटकाचे नावच ‘पंचभाषाविलास’. संस्कृत, मराठी, हिंदी, तेलुगू आणि तमिळ या पाचही भाषा एकाच खेळात, ज्याची त्याची पात्रे ज्याच्या त्याच्या बोलीत बोलतात. प्रेक्षकाला पाचही समजत असल्याशिवाय असे नाटक कोण लिहील? पुढे मी जी मागणी करणार आहे तिचा पाया इथे आहे: एका भाषेचा माणूस हा वाडा वाचू शकत नाही, आणि मराठी वगळूनही तो वाचता येत नाही.

अठराव्या शतकातली लढायांची पाने उलटून पुढे जाऊ. फक्त १७७३ चे साल सोडता येत नाही. अर्काटचा नबाब मुहंमद अली याने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले आणि तुळजाराजे आपल्याच वाड्यात कैदी झाले. राजवाड्याचा तुरुंग होणे आपल्याला नवे नाही, पण इथे तुरुंगात खुद्द घरमालकच होता. लंडनहून हुकूम आला, मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट स्वतः तंजावरला आला आणि एप्रिल १७७६ मध्ये त्याने राजाला पुन्हा गादीवर बसवले. त्यापायी मद्रासच्या कौन्सिलात अशी दुफळी माजली की काही महिन्यांतच कौन्सिलच्या सभासदांनी पिगटलाच अटक केली, आणि पुढच्या वर्षी तो कैदेतच मेला.

आता ज्यांच्यासाठी हे पत्र मुळात लिहितो आहे त्या दुसऱ्या सरफोजीराजांकडे येतो. तुळजाराजांनी १७८७ मध्ये मरणापूर्वी दहा वर्षांचा हा मुलगा दत्तक घेतला. गादी मात्र चुलते अमरसिंग यांनी धरली. पोराचा सांभाळ श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याकडे आला, पुढे जिवाला धोका म्हणून त्याला मद्रासला हलवावे लागले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, वाडा, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

राज्य गेलेला राजा काय करतो, याचे नमुने आपल्या इतिहासात भरपूर आहेत आणि त्यातले बहुतेक सांगण्यासारखे नाहीत. सरफोजींनी वाड्याचे काम बदलले. फौज, मुलूख, वसुली ही कामे गेली होती. त्यांच्या जागी ग्रंथ, औषधे, छपाई, शाळा आणि संगीत आले. १८०५ मध्ये वाड्यात देवनागरी छापखाना सुरू झाला, नाव नवविद्याकलानिधी. इसापच्या नीतिकथांचे मराठी पुस्तक ‘बालबोधमुक्तावली’ तिथे १८०६ मध्ये छापले गेले. मुंबईत मराठी पुस्तकांचे छापखाने नीट उभे राहायला यानंतर बराच अवकाश होता. आपल्या मुद्रणाच्या इतिहासात तंजावर सहसा तळटीपेत असते. ते मुख्य मजकुरात यायला हवे, असे माझे मत आहे.

धन्वंतरी महाल हे त्यांचे दुसरे खाते. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सर्व पद्धतींचे जाणकार एका छपराखाली ठेवले, औषधे पारखून घेतली आणि लागू पडलेल्या उपचारांचे तमिळ पद्यात ग्रंथ करून घेतले. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्यासोबत काढलेली रोगट डोळ्यांची रंगीत चित्रे आजही शाबूत आहेत. अलीकडच्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. १८२० ते १८२२ या काळात सरफोजी काशीयात्रेला गेले ते मोठा लवाजमा घेऊन, आणि येताना हस्तलिखिते घेऊन आले. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तके मागवली, त्यांवर इंग्रजीत सही केली. त्या सह्यांची हजारो पुस्तके अजून फळीवर आहेत. माणसाच्या चेहऱ्याशी जनावराचा चेहरा ताडून पाहणारी ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची रेखाटने ग्रंथालयाच्या संग्रहालयात मांडलेली आहेत आणि पर्यटक त्यांच्यापुढेच सर्वांत जास्त रेंगाळतात.

१८२६ मध्ये कलकत्त्याचा बिशप हीबर तंजावरला आला होता. लव्हाझिए, लिनियस, ब्यूफाँ यांचे दाखले सहज देणारा आणि घोड्यांची उत्तम पारख असलेला हा राजा पाहून तो चकित झाला. त्याने ते पत्रात लिहून ठेवले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो त्रिचनापल्लीला स्नानाच्या हौदात बुडून मेला. सरफोजींबद्दलचा हा दाखला सगळे देतात, मीही दिला. पण मला त्यात थोडी खटकणारी गोष्ट आहे. परक्या पाहुण्याने पाठ थोपटली म्हणून राजा मोठा, असे आपण किती दिवस सांगत राहायचे? त्याच्या स्वतःच्या दफ्तरात रोजचा हिशेब आहे. कोणते औषध कुठून आणले, कोणत्या गवयाला काय दिले, अन्नछत्रात किती पाने उठली, काशीच्या वाटेवर कुठल्या मुक्कामी काय खर्च झाले. हे सगळे मराठीत आहे. मोडीत आहे.

सरफोजी १८३२ मध्ये गेले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे यांच्या दरबारातही वाडा गाजत राहिला तो गाण्यानाचाने. आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम ज्यांनी बांधला ते तंजावर बंधू याच दरबाराचे आश्रित. आपल्या बडोद्याच्या सयाजीरावांची पहिली राणी चिमणाबाई तंजावरची, १८८० मध्ये लग्न होऊन आली तेव्हा तिच्यासोबत नाचणाऱ्या कलावंत आल्या आणि बडोद्याला हे नृत्य तिथून पोचले. उलट दिशेनेही असेच झाले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपल्या कीर्तनाचे ऐवज तंजावरच्या रामदासी मठांतून तमिळ हरिकथेत शिरले आणि तिथलेच होऊन गेले.

मग १८५५ चा ऑक्टोबर आला. शिवाजीराजे वारले, मागे मुलगा नव्हता, दोन मुली आणि अनेक राण्या. डलहौसीच्या काळात याचा अर्थ काय होतो हे सातारा, झाशी, नागपूर यांना सांगायला नको. तंजावरला मात्र एक वेगळी गोष्ट घडली. कंपनीने गादी बरखास्त केलीच, शिवाय १८५६ मध्ये वाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. तलवार इथे कुणी उपसली नाही. थोरली राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि कंपनीवर फिर्याद केली. पडद्यातली, नुकतीच विधवा झालेली बाई कंपनी सरकारवर दावा लावते आणि मद्रासला जिंकते! कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलात गेली. तिथे १८५९ मध्ये निकाल फिरला. निकालपत्र वाचण्यासारखे आहे. कंपनीच्या कृत्याला कायद्याचा आधार काय हे या कागदांतून शोधणे फार कठीण आहे, असे न्यायमूर्तीच कबूल करतात. मात्र हे राजसत्तेचे कृत्य असल्याने त्याचा न्याय करण्याचा अधिकार कोर्टाला नाही, असे म्हणून दावा काढून टाकतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवला जातो. आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना कामाक्षीबाईचे नाव विचारून पाहावे.

हरूनही ती पूर्ण हरली नाही. खटल्याचा गाजावाजा झाला होता, सरकारला लाज वाटली म्हणा किंवा प्रकरण मिटवायचे म्हणून म्हणा, १८६२ मध्ये खासगी मालमत्ता राण्यांना परत देण्यात आली आणि व्यवस्था थोरल्या राणीकडे राहिली. वाडा त्यामुळे वाचला. पुण्याचा शनिवारवाडा कंपनीच्या हाती गेल्यावर अकरा वर्षांत, १८२८ मध्ये, जळाला आणि आपण आता चौथरा, बुरूज आणि दिल्ली दरवाजा पाहून बाकीचे मनाने उभे करतो. तंजावरला मनाने काही उभे करावे लागत नाही, ते उभेच आहे. यात नशिबाचा वाटा असेल, पण कोर्टकचेरीचाही आहे.

त्यानंतरचा वाडा म्हणजे एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे. आतल्या बाजूला राजघराणे राहत होते. ग्रंथांकडे तंजावरचा इंग्रज न्यायाधीश बर्नेल वळला, आणि त्याने संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची केली, ती १८८० मध्ये लंडनला छापली गेली. या सूचीमुळे जगाला सरस्वती महाल कळला. सूची संस्कृतची होती हे लक्षात घ्यावे. मराठी आणि मोडीला तसा बर्नेल मिळाला नाही. १९१८ मध्ये वारसांनी ग्रंथसंग्रह लोकांसाठी सोडला आणि खासगी पोथीशाळेचे सार्वजनिक ग्रंथालय झाले. लगोलग तंजावरच्या मराठी विद्वानांच्या घरांतून पोथ्या येऊ लागल्या: जंबुनाथभट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत. ही नावे पाहा. अडीचशे वर्षे तमिळ मुलखात राहूनही लांडगे आणि कागलकर राहिलेली ही माणसे आपल्या पोथ्या विकायला नव्हे, ठेवायला घेऊन आली.

१९५१ मध्ये नायकांच्या दरबारात कलादालन उघडले. खेड्यापाड्यांच्या देवळांतून आणि शेतांतून निघालेल्या चोळकाळातल्या मूर्ती तिथे आणल्या. तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव, नंदीवर रेलल्यासारखा उभा आणि शेजारी नंदीच नाही, ही त्यातली सर्वांत नावाजलेली. याच दरबारात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, चँट्री या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला, हात जोडून उभा. नायकांचा दरबार, मराठा राजा, इंग्रजी छिन्नी आणि भोवती चोळांचे ब्राँझ. शस्त्रागाराच्या मनोऱ्यात तर तरंगमपाडीच्या किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचा सांगाडा ठेवला आहे. शिलेखान्यात देवमासा! आपल्या वारसाप्रेमी मंडळींना हे बघून संताप येतो, मी पाहिले आहे. मला नाही येत. सांगाड्याला जागा हवी होती, मनोरा रिकामा होता. मधल्या काळात वाड्यात सरकारी कचेऱ्याही भरल्या. रिकाम्या वाड्यात वटवाघळे येतात, कचेरी भरलेल्या वाड्याचे निदान छप्पर तरी शाकारले जाते. शुद्ध, रिकामा, दोरी लावून बंद केलेला राजवाडा हा माझ्या मते सर्वांत लवकर पडणारा राजवाडा.

१९८३ मध्ये केंद्र सरकारने सरस्वती महालाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली. म्हणजे वाड्याची डागडुजी, कलादालन, ग्रंथालय हे सगळे तमिळनाडूच्या आणि केंद्राच्या पैशातून चालत आले आहे. मराठ्यांचा म्हणून आपण ज्याचा अभिमान मिरवतो त्याचा खर्च तंजावरचा करदाता देतो. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. पुढच्या मागणीचा सूर नम्र असला पाहिजे एवढ्यासाठी लिहितो.

तर मागणी. सरस्वती महालात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. त्याखेरीज राजवाड्याच्या दप्तराचे तेराशेहून अधिक मोडी बस्ते, म्हणजे कागदांचे गठ्ठे, आहेत. यातल्या काही मोडी कागदांचे वाचन झाले आहे, आणि ते कोणी केले? तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने. १९८९ मध्ये त्यांनी निवडक मोडी कागदांचा तमिळ अनुवाद टिपांसह तीन खंडांत प्रसिद्ध केला. तमिळ संगीताचा, नृत्याचा, देवळांचा, वैद्यकाचा अभ्यास करणारा तिथला विद्यार्थी आज मराठ्यांच्या मोडी दप्तराचा दाखला तमिळमधून देतो. मूळ मराठी वाक्य काय होते हे पाहायची सोय मराठी विद्यार्थ्याला घरबसल्या नाही. आपले कागद दुसऱ्याने वाचले, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. आणि उरलेल्यांसाठी आपण जायला हवे.

महाराष्ट्रात मोडी वाचणारे नाहीत अशी सबब चालणार नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकवली जाते, गावोगाव हौशी शिक्षक आहेत. मीही अशाच एका वर्गातून अक्षरओळख करून घेतलेला माणूस आहे. या वर्गांतून दरवर्षी जी मुले बाहेर पडतात त्यांतली बरीचशी पुढे जमिनीचे जुने उतारे वाचून देतात, जातीच्या दाखल्यांसाठी नोंदी शोधून देतात. पोटाची सोय होते, चांगलेच आहे. पण पाचपन्नासांतला एखादा असा असतो की ज्याला कागद वाचण्याचीच भूक असते. त्याला आपण काय देतो? प्रमाणपत्र.

अशा दोघातिघांना वर्षभराची पाठ्यवृत्ती देऊन तंजावरला पाठवा. आठ दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर नको. आठ दिवसांत ग्रंथालयाची परवानगी मिळते आणि इडलीची सवय होते, एवढेच. वर्षभर राहिले पाहिजे, कारण तिथली मोडी पुण्याच्या पेशवे दप्तरातली मोडी नाही. वळण वेगळे आहे, आणि मजकुरात तमिळ, तेलुगू शब्द मोडीतच लिहिलेले येतात. गावांची नावे, मापे, देवळांतले मानकरी, धान्यांचे प्रकार. पुण्याचा पट्टीचा मोडीवाचक तिथे अक्षर लावील आणि अर्थाला अडखळेल. म्हणून प्रत्येक मराठी वाचकाला एक तमिळ जोडीदार हवा, तिथल्या विद्यापीठातला किंवा ग्रंथालयातला, आणि त्याची पाठ्यवृत्तीही आपणच द्यावी. तो मराठी शिकेल, आपला माणूस तमिळ शिकेल. शाहाजीराजांच्या नाटकाला पाच भाषा लागत होत्या, आपल्याला निदान दोन लागायला हरकत नसावी.

तिसरा भिडू तंजावरातच आहे. व्यंकोजींबरोबर आणि नंतर गेलेल्या कुटुंबांचे वंशज तंजावर, कुंभकोणम, चेन्नई इथे अजून घरात मराठी बोलतात. त्यांचे मराठी आपल्याला ऐकताना गमतीचे वाटते, आणि आपण हसतो, हे फार वाईट आहे. त्या बोलीत जुने शब्द राहिले आहेत, तमिळ धाटणीची वाक्ये आहेत. दप्तरातल्या अडलेल्या ओळीचा उलगडा कधी एखाद्या आजींच्या तोंडी सापडेल. त्रावणकोर, इंदूर, बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव याच समाजातले. या मंडळींना महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात फेटा बांधून बसवू नका. मोडी शिकण्याची त्यांच्या मुलांची इच्छा असेल तर तिथे वर्ग चालवा, शिक्षक पाठवा, आणि त्यांची बोली ध्वनिमुद्रित करून घ्या.

एक काम तर वर्षभराचेही नाही. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या आज्ञेने १८०३ मध्ये कोरलेला मराठी शिलालेख आहे, देवनागरीत, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, भिंतभर पसरलेला. त्याचे वाचन केव्हाच प्रसिद्ध झाले आहे, तरी सहलीला आलेली मराठी माणसे त्याच्यासमोरून नुसतीच पुढे जातात. पुरातत्त्व खात्याशी पत्रव्यवहार करून त्या भिंतीजवळ मराठी, तमिळ आणि इंग्रजीत एक फलक लावता आला, आणि संपूर्ण संहिता नीट छायाचित्रांसह विभागाच्या संकेतस्थळावर ठेवता आली, तर खर्च एखाद्या संमेलनाच्या मांडवाइतकाही येणार नाही.

काय करू नये तेही लिहितो, कारण शासनाचा उत्साह कुठल्या दिशेला धावतो हे आपण सगळे ओळखून आहोत. तंजावरला मराठी भवन बांधू नका. पुतळा उभारू नका. चँट्रीचा आहे, पुष्कळ झाला. मंत्र्यांचे शिष्टमंडळ नेऊन दरबारात तुतारी फुंकू नका. कागद महाराष्ट्रात परत आणा अशी मागणी तर मुळीच करू नका. ते कागद तिथे लिहिले गेले, तिथल्या माणसांविषयी आहेत, तिथेच राहावेत. बस्त्यांची नुसती छायाचित्रे काढून काम झाले असेही समजू नका. छायाचित्र टिकते, पण न वाचलेला कागद छायाचित्रातही न वाचलेलाच राहतो.

विद्यापीठांच्या विभागप्रमुखांना वेगळी विनंती. तुमच्याकडे पीएचडीचे विषय पुन्हा पुन्हा त्याच दोनशे पानांभोवती फिरतात, हे तुम्हीच खासगीत सांगता. धन्वंतरी महालाची औषधखरेदी, तंजावरच्या छत्रांचे जमाखर्च, काशीयात्रेचा मार्ग, मराठी नाटकांच्या संहिता, १८५५ नंतर राण्यांच्या व्यवस्थेतला वाडा: यांतला एकेक विषय एका माणसाचे पाच वर्षांचे काम आहे. मार्गदर्शक मराठीचा आणि सहमार्गदर्शक तंजावरचा, अशी सोय करायला कोणता नियम आड येतो ते तपासावे, आणि येत असेल तर तो बदलण्याचा ठराव मांडावा.

येत्या अर्थसंकल्पात अभिजात मराठीच्या नावाने जी तरतूद होईल तिच्यात या पाठ्यवृत्त्यांचा एक स्वतंत्र रकाना असावा, आणि त्याआधी सरस्वती महालाच्या संचालकांना विभागातर्फे एक पत्र जावे: आम्हाला वाचायला यायचे आहे, आपल्या अटी काय? त्या पत्राची प्रत जाहीर केलीत तर आमच्यासारखे मोडी शिकणारे अर्ज घेऊन तयार आहेत. निवडीसाठी परीक्षा ठेवायची तर प्रश्नपत्रिकेत पेशवे दप्तरातला उतारा नको, तंजावरचाच द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मोडीचा एक विद्यार्थी